विंगेतले हात

कार्यक्रम साडेसहाचा असला की ओडिसीची नर्तकी चारच्या आत मेकअपच्या खोलीत हजर असते. आधी पावलांना आणि हातांच्या बोटांना आलता, कारण तो वाळायला वेळ लागतो आणि ओला असताना लागलेला डाग रेशमावरून जात नाही. मग चेहरा, कानाच्या दिशेने ओढलेली काजळाची रेघ, कपाळावरच्या कुंकवाभोवती पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. मग केस. अंबाड्याभोवती भेंडाच्या फुलांचं कडं बसवतात आणि त्यातून भेंडाचाच उंच तुरा वर येतो. हे सगळं मिळून ताहिया. तो तुरा म्हणजे जगन्नाथाच्या देवळाचं शिखर, असं ओडिशात सांगतात. भेंड इतकं नाजूक की घाईच्या बोटांनी चुरतं. त्यानंतर कटकच्या तारकामाचे चांदीचे दागिने, कमरेला बेंगपटिया नावाचा पट्टा, आणि सगळ्यात शेवटी नमस्कार करून बांधलेले घुंगरू.

केलुचरण महापात्र हे सगळं आपल्या शिष्यांसाठी स्वतःच्या हाताने करायचे. पद्मविभूषण मिळालेला, देशोदेशी ज्याच्यासाठी सभागृहं भरत असा गुरू. पण कार्यक्रमाआधी शिष्येचा चेहरा रंगवायला तो स्वतः बसे, ताहिया नीट बसला की नाही ते स्वतः चाचपून बघे, आणि मग तीच बोटं पुसून रंगमंचाच्या कोपऱ्यात मर्दल या तालवाद्यापुढे जाऊन बसे. शिष्या नाचायची, गुरू वाजवायचे.

नृत्यमहोत्सवांच्या विंगेत मी बरीच वर्षं काम केलं आहे. वादक प्रेक्षकांच्या डाव्या हाताला बसतात, त्यामुळे समोरच्या विंगेत उभं राहिलं की नाच तिरका दिसतो, पण वादकांचे चेहरे अगदी समोर येतात. प्रेक्षक नर्तकीकडे पाहत असतात त्या वेळी आम्हाला मर्दलवाल्याची नजर दिसते. ती नर्तकीच्या पावलांवर खिळलेली असते. गायकाची नजर तिच्या खांद्यावर, कारण वळायच्या आधी खांदा सांगतो. नाच जिथून घडतो ती ही जागा आहे, असं मला इतक्या वर्षांनंतर ठामपणे वाटतं. म्हणून हे किस्से नाचणाऱ्यांपेक्षा त्यांच्या बाजूला आणि मागे उभ्या असलेल्या माणसांचे आहेत. केलुबाबूंचं वेगळेपण असं की ते या दोन्ही बाजूंचे होते.

त्यांचा जन्म 1926 चा, पुरीजवळच्या रघुराजपूर गावातला. हे चित्रकारांचं गाव. घरोघरी पटचित्रं होतात. जुन्या कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी चढवायची, दगडाने घासून ते गुळगुळीत करायचं आणि त्यावर देवांच्या आकृती काढायच्या. महापात्रांचं घर त्याच कामातलं. केलुबाबूंच्या ओडिसीत कंबर एकीकडे, छाती दुसरीकडे आणि मान तिसरीकडे अशी जी त्रिभंगाची रेघ दिसते, तिची पहिली ओळख त्यांना या पटांवरच झाली असणार असं मी मानते. शिष्यांचे डोळे रंगवणारा हात तर सरळ सरळ कुंचला धरणाऱ्या घराण्याचाच आहे.

गावात दुसरीही एक परंपरा होती, गोटिपुआंची. गोटिपुआ म्हणजे मुलीच्या वेषात नाचणारे मुलगे. त्यांच्या शरीरांना कमानीसारखं वाकवणाऱ्या बंधांची सवय लहानपणीच लावली जाते. छोटा केलू घरच्यांच्या नकळत तिकडे जाऊ लागला. पुढे तो मोहनसुंदर देव गोस्वामींच्या रासमंडळीत दाखल झाला. 1936 साली ‘सीता बिबाह’ हा पहिला ओडिया बोलपट दिग्दर्शित केला तो याच गोस्वामींनी. अशा मंडळीत मुलाला फक्त नाचून चालत नाही. पडदा ओढायचा, रंग घोटायचा, दुसऱ्याचा मुकुट बांधायचा, ढोलकीवाला आजारी पडला तर ढोलकीवर बसायचं, ऐन वेळी दुसऱ्याची भूमिकाही करायची. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटक कंपन्यांत वाढलेल्या नटांच्या आठवणी वाचलेल्यांना हे नवं नाही.

रासमंडळीनंतरचा काळ खडतर होता. केलुबाबूंनी काही काळ पानवेलींच्या मळ्यात मजुरी केली, वेलींना पाणी घातलं. मग ते ओडिशाच्या व्यावसायिक नाटकांत शिरले ते वादक म्हणून. नर्तक म्हणून त्यांना तिथे कोणी बोलावलं नव्हतं. ‘अन्नपूर्णा थिएटर’मध्ये ते तालवाद्य वाजवत. तिथले नृत्यदिग्दर्शक पंकजचरण दास होते. महारींच्या, म्हणजे जगन्नाथाच्या देवळात सेवा करणाऱ्या नर्तकींच्या घरात वाढलेले. देवळातला नाच आणि तिकिटाचं नाटक हे दोन्ही एकाच माणसात एकत्र आलेले होते.

1946 साली पंकजबाबूंनी ‘मोहिनी-भस्मासुर’ बसवलं. भस्मासुर ते स्वतः झाले. मोहिनी झाली लक्ष्मीप्रिया नावाची तरुण नर्तकी. शंकराच्या भूमिकेसाठी त्यांनी वादकांच्या जागेवरून केलुचरणला उठवलं. या एका घटनेवर मी नेहमी थांबते. या कथेत शंकराला नाचायला फारसं काही नसतं. वर देऊन तो पळत सुटतो. पण तोवर ज्याचे हात ताल देत होते त्याचं शरीर लोकांसमोर आलं. पुढच्याच वर्षी त्याने मोहिनीशी लग्न केलं.

लक्ष्मीप्रियाबाईंबद्दल फार कमी लिहिलं जातं, आणि याचं मला वाईट वाटतं. ओडिशात बाईने तिकिटाच्या रंगमंचावर नाचणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. घरंदाज मुली नाचत नसत, स्त्रीवेषात मुलगे नाचत. त्या दिवसांत नाटकाच्या तिकिटावर लोक लक्ष्मीप्रियेचं नृत्य बघायला येत होते आणि तिला साथ नवऱ्याची होती. पुढे केलुबाबूंचं नाव वाढलं, शिष्या घरी राहून शिकू लागल्या, आणि त्या घराला ‘गुरुमा’ लागली. कालांतराने लक्ष्मीप्रियाबाईंनी रंगमंच सोडला. केलुबाबूंच्या अभिनयातली राधा जिवंत कशी, यावर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली. त्या राधेच्या डोळ्यांत घरातल्या मोहिनीचा किती अंश होता, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला मला दिसत नाही.

1954 मध्ये दिल्लीत आंतरविद्यापीठ युवक महोत्सव झाला. प्रियंवदा मोहंती ही विद्यार्थिनी तिथे ओडिसी नाचली. प्रेक्षकांत चार्ल्स फाब्री हे हंगेरियन कलासमीक्षक होते. हे नृत्य अभिजात आहे आणि ते आपल्याला माहीतच नव्हतं, असं त्यांनी ओळखलं आणि त्याचा पाठपुरावा केला. दिल्लीचे डोळे ओडिशाकडे वळले ते तिथून. पण मोठी अडचण पुढेच होती. पूर्ण संध्याकाळ भरेल असा ओडिसीचा क्रमच ठरलेला नव्हता. देवळातलं थोडं, गोटिपुआंचं थोडं, थिएटरातलं थोडं, असं सगळं विखुरलेलं होतं.

ते गोळा करण्यासाठी 1958 च्या सुमारास कटकमध्ये ‘जयंतिका’ नावाचा गट जमला. कविचंद्र कालीचरण पटनायक, पंकजचरण दास, केलुचरण महापात्र, देवप्रसाद दास, मायाधर राऊत, अभ्यासक धीरेंद्रनाथ पटनायक अशी ही माणसं. आज ओडिसीच्या कार्यक्रमात मंगलाचरण, बटु, पल्लवी, अभिनय आणि मोक्ष असा जो क्रम आपण पाहतो तो यांनी बांधला. या गुरूंमध्ये पुढे मतभेद झाले, शैली वेगळ्या झाल्या, शिष्यांनी त्या भिंती आणखी उंच केल्या. पण एका काळी ही सगळी माणसं एका सतरंजीवर बसून मान कुठे थांबवायची आणि चौक कसा धरायचा याची चर्चा करत होती. हजार वर्षांची परंपरा म्हणून आपण जिला हात जोडतो, तिचा आजचा आकार अशा बैठकांत ठरलेला आहे. त्याने परंपरेचं मोल मला कमी वाटत नाही. उलट त्या माणसांचे कष्ट दिसू लागतात.

केलुबाबूंची लाडकी शिष्या संयुक्ता पाणिग्रही. लहानपणीच त्यांच्याकडे शिकायला आली, मग मद्रासला ‘कलाक्षेत्र’मध्ये रुक्मिणीदेवींकडे भरतनाट्यम शिकली आणि परत ओडिसीकडे आली. तिचे पती रघुनाथ पाणिग्रही हे गोड गळ्याचे गायक. मद्रासच्या चित्रपटसंगीतात त्यांचा जम बसत होता, तो सोडून ते पत्नीच्या नृत्यासाठी गायला आले. व्हायोलिनवर पंडित भुवनेश्वर मिश्र. मर्दलावर केलुबाबू. आरभीसारख्या पल्लवी केलुबाबू आणि भुवनेश्वर मिश्र यांनी एकमेकांसमोर बसून रचल्या. आधी सूर आणि मग त्यावर पावलं, असं ते काम नव्हतं. मर्दलाचे बोल, ज्यांना ओडिसीत उकुट म्हणतात, आणि व्हायोलिनची ओळ एकमेकांना ओढत पुढे न्यायची. संयुक्ता नाचत असताना मर्दलामागच्या केलुबाबूंचा चेहरा बघावा असं म्हणणारे जुने रसिक अजून भेटतात. राधा रुसली की मर्दलवाल्याची भुवई आधी चढायची. तालवादकाने चेहरा कोरा ठेवावा हा संकेत त्यांनी पाळला नाही. त्यांना तो पाळता येणं शक्यच नव्हतं.

हे नातं ओडिसीपुरतं नाही. बालसरस्वतींच्या भरतनाट्यममध्ये मागे त्यांची आई जयम्मल गायला असायची. घराणं वीणा धनम्मलचं. बाला तिची नात. 1925 साली कांचीपुरमच्या कामाक्षीच्या देवळात सात वर्षांची बाला पहिल्यांदा नाचली, तेव्हापासून आईचा गळा आणि लेकीचे हात एकमेकांच्या ओळखीचे झाले. पदाची एक ओळ आई पुन्हा पुन्हा गात राहायची आणि दर वेळी स्वरांची चाल थोडी बदलायची. लेकीने त्याच शब्दांना तिथल्या तिथे नवा अर्थ द्यायचा. अशा वेळी कोण कोणाला नाचवतं ते सांगता येत नाही. पूर्वी दक्षिणेत वादक नर्तकीच्या मागे उभेच राहत, मृदंग कमरेला बांधलेला, आणि ती पुढे सरकली की सगळा ताफा तिच्या पाठोपाठ सरकायचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांना बाजूला बसवलं गेलं. रंगमंच नीटनेटका झाला हे खरं. पण त्या माणसांचा श्वास नर्तकीच्या मानेवर लागायचा, तो गेला.

केरळात तर मेकअपची खोली ही स्वतंत्र शाळा आहे. कथकलीच्या नटाला रंगवायला तीन-चार तास लागतात. नट जमिनीवर चटईवर उताणा झोपतो आणि चुट्टीकार त्याच्या डोक्याशी मांडी घालून बसतो. जबड्याच्या कडेने तांदळाचं पीठ आणि चुना यांचे थर चढवत जायचे, त्यांत कागदाच्या पांढऱ्या कडा बसवायच्या. हीच चुट्टी. नट त्यात चक्क झोपी जातो, आणि जुने लोक सांगतात की ती झोप उपयोगाचीच असते. झोपतो तो माणूस आणि उठतो तो भीम किंवा रावण. मग तो चुंडप्पूच्या फुलातलं छोटं बी तळहातावर घोळून डोळ्याच्या खालच्या पापणीत ठेवतो आणि थोड्या वेळात डोळा लाल होतो. तेलाच्या मोठ्या समईच्या उजेडात तो लाल डोळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. चुट्टी हा ‘कलामंडलम’मध्ये रीतसर शिकवला जाणारा विषय आहे, गायन आणि चेंडा-वादनाच्या बरोबरीने. 1930 साली वळ्ळत्तोळ कवींनी उभ्या केलेल्या या संस्थेची मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. नटाचा चेहरा घडवणाऱ्याला तिथे कलावंत मानतात.

आपल्या मराठीचा एक किस्सा सांगायलाच हवा, कारण तो पडद्याच्याही मागचा, पोथीतला आहे. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात तिथल्या दरबारी नृत्यासाठी मराठीत साहित्य लिहिलं गेलं. एका कथेवर ओवलेली अठरा नृत्यं, एकाच रागात आणि एकाच तालात बांधलेली. त्याला निरूपण म्हणत. भरतनाट्यमचा आजचा क्रम ज्यांनी घडवला ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चौघे भाऊ त्याच तंजावरचे. पुढे मराठी राज्य गेलं, आणि ही मराठी निरूपणं सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली. कागदावर शब्द होते, राग-तालाची नावं होती, नाचणारं शरीर मात्र उरलं नव्हतं.

मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी ते काम अंगावर घेतलं. मराठी माणूस, भरतनाट्यमचा गुरू, ज्यांच्याकडे सुरुवातीच्या काळात रोहिणी भाटे यांनीही धडे घेतले होते. शब्द घेऊन त्यांवर हस्त बसवून मोकळं होणं सोपं होतं. पार्वतीकुमारांना ते पटणारं नव्हतं. ही अठरा नृत्यं एका रागात का बांधली असतील, एका नृत्यातून दुसऱ्यात कथा कशी उतरते, जतींचा भार कुठे ठेवायचा, याची उत्तरं पोथी देत नाही. ती शरीरावर करून बघावी लागतात. गुरूच्या या शोधासाठी शरीर दिलं शिष्येने. सुचेता भिडे-चापेकर यांनी ही निरूपणं रंगमंचावर आणली. पार्वतीकुमारांचं ‘तंजावरी नृत्यप्रबंधां’वरचं पुस्तक अभ्यासकांना ठाऊक आहे, पण त्यामागे तालमीच्या खोलीत किती जती रचून मोडल्या असतील हे पुस्तकाच्या पानांवर येत नाही. सुचेताताईंनी पुढे हिंदुस्थानी रागसंगीतावर भरतनाट्यम उभं केलं, त्याला ‘नृत्यगंगा’ नाव दिलं. मराठी शब्दांवर नाचणाऱ्या शरीराला उत्तरेचे राग जवळचे वाटले, यात मला नवल वाटत नाही.

केलुबाबूंचाही मुंबईशी जवळचा संबंध. 1975 साली भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये ओडिसीचा कार्यक्रम चालू होता आणि प्रतिमा बेदी सहज आत शिरली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची, मॉडेलिंगच्या जगात गाजत असलेली. नाच पाहून ती हलली आणि केलुबाबूंकडे शिकायचंच म्हणून हटून बसली. सव्विसाव्या वर्षी नृत्य सुरू करायचं म्हणजे गुडघे, कंबर, पोटऱ्या सगळंच विरोधात. कटकमध्ये गुरूच्या घरी राहून तिने दिवसाचे बारा-बारा तास रियाज केला. 1990 साली बंगळूरजवळ हेसरघट्टा इथे तिने ‘नृत्यग्राम’ वसवलं, आणि सुरुवातीला तिथे शिकवायला केलुबाबू गेले. त्याच सुमारास, 1989 साली, त्यांची आणखी एक शिष्या झेलम परांजपे यांनी मुंबईत ‘स्मितालय’ सुरू केलं. नाव आपल्या मैत्रिणीच्या, स्मिता पाटीलच्या आठवणीसाठी. झेलमताईंनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं गणित ओडिसीत नाचवलं. रघुराजपूरच्या चिंचोक्याच्या खळीवर उमटलेली रेघ अशी मराठी मुलींच्या पायांत आली.

साऱ्या शिष्यांना नखशिखांत सजवणारे केलुबाबू स्वतः नाचायला उभे राहत तेव्हा त्यांच्या अंगावर फारसं काहीच नसे. रेशमी धोतर, उघडी छाती, टक्कल पडलेलं डोकं. चेहऱ्यावर लेप नाही, डोक्यावर ताहिया नाही. आणि तो म्हातारा माणूस पाहता पाहता गीतगोविंदातली सखी व्हायचा, राधा व्हायचा. तुलसीदासांच्या रामकथेतला केवट ते करायचे. रामाची पावलं धुतल्याशिवाय नावेत घेणार नाही म्हणून अडून बसलेला. ते पाय धुणं लांबत जायचं. हातातलं पाणी, ती पावलं, पुन्हा पाणी. ते किती लांबायचं हे आधी ठरलेलं नसे. त्या वेळी मर्दलावर त्यांचा मुलगा रतिकांत असायचा. आयुष्यभर बापाने इतरांच्या पावलांवर नजर ठेवली, आता बापाच्या पावलांवर मुलाची नजर. केवटाचा हात पुन्हा खाली वळला की मर्दलाने आवर्तन थोपवून धरायचं, तो उठला की सोडायचं. 1993 साली बापलेकांनी मिळून ‘सृजन’ ही संस्था सुरू केली. 2004 च्या एप्रिलमध्ये केलुबाबू गेले.

आज ओडिसीचे बरेच कार्यक्रम ध्वनिमुद्रित संगीतावर होतात. नर्तकींना मी दोष देत नाही. गायक, मर्दल, बासरी, व्हायोलिन, मंजिरा अशी माणसं भुवनेश्वरहून आणायची म्हणजे प्रवास, राहणं, तालमी, मानधन. तरुण नर्तकीच्या खिशाला ते झेपत नाही. पण पेनड्राइव्हवरचं आवर्तन कोणासाठी थांबत नाही. केवटाने चौथ्यांदा पाणी घ्यायचं ठरवलं तर गाणं पुढे निघून गेलेलं असतं, म्हणून तो तिसऱ्यांदाच हात पुसतो. विंगेतून हे फार स्पष्ट दिसतं, कारण समोरचा कोपरा रिकामा असतो. महोत्सवाच्या बैठकीत अंदाजपत्रक आवळायची वेळ आली की पहिली काट साथीदारांच्या रकान्यावर पडते. त्या बैठकांना मी बसते, आणि दर वेळी माझं म्हणणं तेच असतं: रंगमंचावरची फुलांची सजावट कमी करा, निमंत्रणपत्रिका साध्या छापा, पण मर्दलवाल्याचं तिकीट काढा, आणि मेकअप करणाऱ्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत घाला.